नासपतीची हौस आणि पेरूचं झाड: ठाणे-नवी मुंबईच्या अंगणासाठी

गणपतीच्या आदल्या दिवशी ऐरोलीच्या बाजारात पाच फळांचे वाटे लावून ठेवलेले असतात. बहुतेक वाट्यांत एक नासपती असते आणि तिच्या शेजारी एक पेरू. दहा वर्षांपूर्वी पूजा आटोपल्यावर त्यातली नासपती कापली. गोल, तपकिरी सालीची, दाताखाली करकर वाजणारी, आणि रस मनगटापर्यंत ओघळला. आमच्या रो-हाउसमागे बारा बाय अठरा फुटांचा तुकडा मोकळा होता. हे झाड तिथे हवंच, असं घरात सगळ्यांचं ठरलं आणि दिवाळीच्या सुमारास एका रोपवाटिकेतून कलम आणलं. ‘आपल्याकडे येते, तिसऱ्या वर्षी फळ धरते,’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. सहा वर्षं ते झाड सांभाळलं. पानं सुरेख आली, फूल एकही आलं नाही.

अंगण किंवा गच्ची असलेले नवे हौशी बागकाम करणारे मला अजूनही पहिला प्रश्न नासपतीचाच विचारतात, कारण मोबाइलवर तिच्या कलमांचे फोटो फार देखणे असतात. म्हणून आधी ती इथे का फळत नाही ते सांगते. मग त्याच खड्ड्यात काय लावायचं आणि पहिल्या फळापर्यंत कसं पोचायचं, ते.

थंडीचा हिशेब

या गोल, कुरकुरीत नासपतीचं शास्त्रीय नाव पायरस पायरिफोलिया. झाड मूळचं चीनकडचं. जपानमधली तिची नावाजलेली जात निजिसेइकी १८८८ साली मात्सुदो इथे कचऱ्याच्या ढिगावर उगवलेल्या रोपातून मिळाली. म्हणजे माती-पाण्याच्या बाबतीत हे झाड फार हट्टी नाही. हट्ट आहे तो थंडीचा.

नासपती पानगळीचं झाड आहे. पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या ते आदल्या उन्हाळ्यातच तयार करतं आणि पानं टाकून झोपी जातं. साधारण शून्य ते सात अंश सेल्सिअसमधले थंड तास पुरेसे साठले की कळ्यांची झोप पुरी होते आणि वसंतात त्या एकदम फुटतात. तास कमी पडले तर एखाददुसरी कळी शेंड्याला फुटते, बाकी फांदी मुकी राहते. जपानी जातींना असे काही शे तास लागतात. पंजाबच्या मैदानात लावतात ती पत्थरनाख ही जात दीडशे तासांच्या आसपास भागवते, पण तिथे जानेवारीत रात्रीचा पारा पाच-सहा अंशांवर येतो. ठाण्यात जानेवारीची रात्र बहुतेक वेळा पंधरा-सतरा अंशांची. सात अंशांखालचा एक तासही आपल्या पदरात पडत नाही.

मुळाशी बर्फ टाकायचा सल्ला मलाही मिळाला होता. त्याचा उपयोग नाही. थंडी मोजते ती कळी, मूळ नव्हे, आणि कळ्या सगळ्या फांद्यांवर उघड्या हवेत असतात. उष्ण भागात नासपती घ्यायची तर किती खटाटोप करावा लागतो ते तैवानमध्ये दिसतं. तिथल्या सखल भागातले शेतकरी हेंगशान ही कमी थंडीवर जगणारी जात वाढवतात आणि थंडी खाऊन तयार झालेल्या फुलकळ्यांच्या काड्या दर हिवाळ्यात तिच्यावर बांधतात. त्या काड्यांवर त्या वर्षापुरती फळं. पुढच्या वर्षी पुन्हा नव्या काड्या, पुन्हा शेकडो कलमं. शिवाय बहुतेक नासपतींना स्वतःचा पराग चालत नाही, परागासाठी दुसऱ्या जातीचं झाड जवळ लागतं. अंगणात हे सगळं जमणारं नाही. कुणी ‘कोकणात हमखास फळणारी आशियाई नासपती’ म्हणून कलम विकत असेल तर घेऊ नका. नासपती खायची असेल तेव्हा तुर्भ्याच्या फळबाजारातून पेटी आणा.

तिची जागा पेरूला

पेरू मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला आणि पोर्तुगीज भाषेत नासपतीला ‘पेरा’ म्हणतात. आपला ‘पेरू’ हा शब्द त्यावरूनच आला असं मानतात. ठाणं १७३७ पर्यंत आणि वसई १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती, तेव्हा ही नासपतीची आठवण आपल्याच आजूबाजूला कुठेतरी या फळाला चिकटली असणार, असं मला उगाच वाटतं.

भाषेचं सोडा, झाड म्हणूनही पेरू इथल्यासाठी घडवल्यासारखा आहे. त्याला थंडी लागत नाही. एकटं झाडही फळतं. मातीचा सामू, म्हणजे पीएच, साडेचारपासून आठाच्या थोडा वरपर्यंत असला तरी चालवून घेतो आणि थोडासा खारेपणाही सोसतो, जे खाडीकाठच्या भरावावर वसलेल्या नवी मुंबईत फार मोलाचं आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पेरूला फूल नव्या फुटीवर येतं. छाटलं की फुटतं, फुटलं की फुलतं. त्यामुळे झाड आपल्या डोक्याएवढं ठेवता येतं आणि फळ कधी हवं तेही बऱ्याच अंशी आपल्या हातात राहतं. शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या वर असतं, संत्र्याच्या चौपट. हा वरचा लाभ.

नासपतीचा तो पाणीदार करकरीतपणाच हवा असेल तर दुसरं झाड म्हणून पांढरा जाम (वॉटर ॲपल) लावता येतो. वसई पट्ट्यात तो घरोघरी असतो आणि इथेही छान येतो. पण त्याचा पसारा मोठा होतो आणि हंगामात अंगणभर फळांचा सडा पडतो. एकच झाड लावायची जागा असेल तर पेरू.

जागा ठरवण्यात दोन आठवडे घालवा

घाई इथे करू नये, कारण चुकीच्या जागी वाढलेलं झाड नंतर मनात येईल तेव्हा तोडता येत नाही. शहरात झाड तोडायला १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड तुमच्या अंगणात असलं तरी. सोसायटीच्या मोकळ्या जागेत लावत असाल तर कमिटीची लेखी संमती आधी घ्या आणि ‘फळं कोणाची’ हेही त्याच कागदावर लिहून टाका. पुढचे वाद वाचतात.

पेरूला दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन हवं. इमारतींच्या गर्दीत हे डोळ्यांनी मोजावं लागतं. सकाळी आठ, बारा आणि चार वाजता त्या जागेचा फोटो काढा. पावसाळ्यानंतर सूर्य दक्षिणेकडे सरकतो, तेव्हा शेजारच्या इमारतीची सावली अंगणात किती आत येईल याचाही अंदाज घ्या. कुंपणाच्या भिंतीपासून आणि ड्रेनेजच्या चेंबरपासून दोन मीटर, दुसऱ्या झाडापासून तीन मीटर अंतर ठेवा. व्यापारी बागेत जुन्या पद्धतीने सहा-सहा मीटरवर लावतात, पण छाटणी नेमाने करणाऱ्याला तीन मीटर पुरतात.

आता पाणी. ठाण्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पेरू उन्हाळा सोसतो, खारट माती सोसतो, पण मुळाशी आठवडाभर साचलेलं पाणी त्याला सोसवत नाही. ‘मर’ लागते, झाड एका बाजूने सुकत जातं आणि मग त्यावर औषध नाही. म्हणून एक चाचणी करा. दोन फूट खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या, आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी चार-पाच तासांत उतरलं तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी पाणी दिसलं तर जमिनीत खड्डा करून लावूच नका. तिथे चार फूट रुंद आणि दीड फूट उंच मातीचा उंचवटा करून त्यावर कलम लावायचं. माझ्या अंगणात फूटभर मातीखाली नुसता मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा निघाला. मी उंचवटाच केला आहे आणि माझं झाड आतापर्यंतचे सगळे पावसाळे तगलं आहे.

उन्हाळ्यात मातीवर पांढरा मिठासारखा पापुद्रा येत असेल तर ती खाडीची खूण. तिथेही उंचवटा करा आणि त्यासाठी माती बाहेरून आणा. पहिल्या पावसाळ्याचं पाणी बरंच मीठ धुऊन नेतं.

कलम कोणतं, कसं पारखायचं

बी टाकून पेरू सहज उगवतो, पण त्याचं फळ कसं निघेल सांगता येत नाही आणि चार-पाच वर्षं वाट बघावी लागते. गुटी कलम (झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं) किंवा पाचर कलम (दुसऱ्या रोपाच्या खुंटावर फांदी बसवून केलेलं) घ्या. जातींची यादी लांब आहे. नवख्याने यांतली एक निवडावी:

सरदार, म्हणजेच लखनौ-४९. नाव लखनौचं असलं तरी ही निवड पुण्याच्या गणेशखिंडीतली. झाड पसरट, गर पांढरा, बिया मऊसर, चव अस्सल पेरूची. जमिनीत लावायला माझी पहिली पसंती हीच.

ललित. आतून गुलाबी, लखनौच्या संशोधन संस्थेची जात. सरबत-जेलीला सुंदर.

तैवान पिंक. लवकर फळते, झाड आटोपशीर राहतं. ड्रममध्ये लावणाऱ्यांनी हीच घ्यावी.

व्हीएनआर बिही. फळ फार मोठं, गर जाड, बिया थोड्या. अर्धकच्चं खाल्लं तर करकरीतपणात नासपतीच्या सगळ्यात जवळ जाणारा पेरू हा. पण फळाच्या वजनाने फांदी वाकते, बांबूचा टेकू द्यावा लागतो.

रोपवाटिकेत सगळ्यात उंच कलम निवडायचा मोह होतो. दीड-दोन फुटांचं, बोटाएवढ्या जाडीच्या खोडाचं, ताज्या पानांचं कलम त्याहून चांगलं. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलेलं किंवा पिशवीत मुळांचा वेटोळा झालेला असेल तर नको. पानं उलटी करून बघा. खालच्या बाजूला कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, तो घरी आणू नका. पाचर कलम असेल तर जोड कुठे आहे ते विचारून घ्या आणि जोडाखालून फूट आली असेल तर ती खुंटाची, ती घरी आल्याबरोबर खुडून टाका. फळं लागलेलं कलम दाखवून जास्त पैसे मागतात. ते फळ पहिल्याच आठवड्यात काढून टाकायचं आहे, तेव्हा त्याचे पैसे मोजू नका.

खड्डा आणि लागवड

एप्रिलच्या शेवटी दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या. वरची फूटभर माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. भरावाच्या जागी पहार लागतेच, एकट्याने करू नका. खड्डा दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या, जमिनीतली कीड-बुरशी बरीच कमी होते. मग वरची माती, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड एकत्र करून खड्डा भरा. माती चिकट असेल तर एक घमेलं रेती किंवा बारीक मुरूम मिसळा. शेणखत कुजलेलं आहे की नाही ते वासावरून कळतं. ओल्या जमिनीचा वास येत असेल तर घ्या. शेणाचा वास किंवा हाताला ऊब लागत असेल तर थांबा, नाहीतर मुळं भाजतात आणि हुमणीही येते. खड्डा जमिनीपेक्षा चार-पाच इंच वर येईल इतका भरा, पहिल्या पावसाने माती बसते.

पाण्याचा निचरा चांगला असेल तर मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जूनच्या मध्यानंतर लावा. निचऱ्याबद्दल शंका असेल तर मी गणपतीपर्यंत थांबायला सांगते. जुलैचा मुसळधार पाऊस नव्या मुळांना झोडपतो. ऑगस्टअखेर लावलेल्या कलमाला ओल मिळते आणि श्वासही मिळतो.

संध्याकाळी लावायचं. पिशवी ब्लेडने उभी चिरा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका. कलम पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल ठेवा आणि कलमाचा जोड जमिनीच्या वर चार बोटं राहू द्या. माती पायाने न दाबता हाताने दाबा. शेजारी काठी रोवून सुतळीने आठच्या आकड्यात सैल बांधा, म्हणजे वाऱ्यात खोड काठीवर घासणार नाही. वाळलेल्या पानांचं किंवा नारळाच्या काथ्याचं आच्छादन टाका, फक्त खोडाला टेकवू नका. पावसाळ्यात खोडाभोवती माती उंच असावी आणि उन्हाळ्यात आळं खोडापासून थोडं दूर गोल करावं, म्हणजे पाणी मुळांना मिळतं आणि खोड कोरडं राहतं.

पहिली दोन वर्षं: फळाकडे बघायचं नाही

नवखे सगळ्यात जास्त इथे अडखळतात. कलम लावल्यावर सहा-आठ महिन्यांत फुलं येतात आणि ती काढवत नाहीत. काढा. पहिल्या वर्षीची सगळी आणि दुसऱ्या वर्षीची बहुतेक. त्या काळात झाडाने मूळ आणि सांगाडा करायचा असतो.

सांगाडा असा. कलम जोमाने वाढू लागलं की जमिनीपासून दोन ते सव्वादोन फुटांवर शेंडा कापा. खालून फुटणाऱ्या फांद्यांतल्या वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या तीन-चारच ठेवा. त्यांच्यात एकमेकींपासून चार-पाच बोटांचं अंतर असावं आणि खोडाशी कोन मोकळा असावा. घट्ट, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या जोडाची फांदी पुढे फळांच्या भाराने चिरते. या फांद्या दीड-दोन हात वाढल्या की त्याही अर्ध्यावर कापा. दोन वर्षांत झाडाचा आकार वाडग्यासारखा होतो, मध्ये ऊन पोचतं आणि सगळी फळं हाताला येतात. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार ठेवा, दर झाडाला पाती स्पिरिटने पुसा. जाड कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा.

पाणी पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड एक बादली, तेही सकाळी. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, पण भरपूर. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर पाणी नको. खत म्हणाल तर मी पावसाच्या सुरुवातीला आणि पाऊस संपताना दोन घमेली शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड देते, फांद्यांच्या घेराखाली गोल पसरून. बाकी काही लागलं नाही.

बहार धरणं

तिसऱ्या वर्षापासून झाड फळाला सोडायचं. पेरूला वर्षातून तीनदा बहार, म्हणजे फुलांचा हंगाम, येऊ शकतो. आंबे बहाराची फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि फळं ऐन पावसात. मृग बहाराची फुलं जून-जुलैमध्ये, फळं नोव्हेंबर ते जानेवारी. हस्त बहार ऑक्टोबरच्या आसपास फुलतो आणि फळं फेब्रुवारीनंतर मिळतात.

पावसातला पेरू पाणचट असतो आणि त्यात फळमाशीच्या अळ्या हमखास निघतात. म्हणून आंबे बहार मोडायचा. फेब्रुवारी-मार्चची फुलं हाताने खुडायची. घरच्या एका-दोन झाडांना अर्धा तास लागतो. मृग बहारासाठी एप्रिलमध्ये पाणी कमी करत न्या. जमिनीतल्या, तीन वर्षांपुढच्या झाडाला मेच्या मध्यापर्यंत पाणी तोडलं तरी चालतं. पानं मलूल होतात, काही गळतात, घाबरू नका. मेच्या तिसऱ्या आठवड्यात गेल्या वर्षीच्या फांद्या अर्ध्यापर्यंत छाटा, आळं हलकं उकरा, खत द्या आणि पाणी सुरू करा. पंधरा दिवसांत फूट येते, महिना-दीड महिन्यात त्या फुटीवर कळ्या. कळीपासून फळापर्यंत चार ते पाच महिने.

माझा स्वतःचा अनुभव असा, की जुलैच्या सलग पावसात बरीच फुलं गळतात. म्हणून मी मेमध्ये अर्ध्याच फांद्या छाटते आणि उरलेल्या ऑगस्टच्या शेवटी. पहिल्या अर्ध्याची फळं नाताळच्या सुमारास संपतात, दुसऱ्या अर्ध्याची होळीपर्यंत पुरतात. घरच्या बागेला एकदम शंभर फळांपेक्षा आठवड्याला सहा-सात फळं बरी पडतात. आतल्या बाजूने सरळ वर जाणारे जोमदार फुटवे मात्र दिसतील तेव्हा काढा, त्यांना फळ क्वचित येतं आणि ते ऊन अडवतात.

फळमाशी, ढेकूण, माकडं

फळमाशी ही खरी परीक्षा. ती पिकण्याआधीच फळाच्या सालीत अंडी घालते, टोचल्याची खूण बारीक असते आणि फळ कापेपर्यंत काही कळत नाही. मी तीन गोष्टी करते आणि तिन्ही एकत्र केल्या तरच निभाव लागतो.

फळ सुपारीहून मोठं, लिंबाएवढं झालं की पिशवी चढवायची. आधी फळ ओल्या फडक्याने पुसा, फळाच्या टोकाला अडकलेलं सुकलेलं फूल झाडून टाका. मग फळबाजारात मिळते ती फोमची जाळी आणि तिच्यावर पातळ पिशवी, तळाला दोन बारीक भोकं पाडलेली, म्हणजे आत पाणी साचत नाही. तोंड देठाशी सुतळीने बांधा. एका गुच्छात दोन-तीन फळं असतील तर एक ठेवून बाकीची खुडा. अशा फळाला डाग पडत नाही, साल पिवळसर तुकतुकीत राहते.

दुसरं, कामगंधाचा सापळा. त्यातल्या मिथाइल युजेनॉलकडे नर माश्या ओढल्या जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर चालतो. छातीच्या उंचीवर, सावलीत टांगा. तो फक्त नरांना पकडतो, अंडी घालायला आलेल्या मादीला अडवत नाही, म्हणून पिशवी टाळता येत नाही.

तिसरं, पडलेलं फळ एक दिवसही जमिनीवर राहू द्यायचं नाही. त्यातल्या अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि नवी पिढी निघते. अळी लागलेली फळं कंपोस्टच्या डब्यात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा, किंवा दोन फूट खोल पुरा.

पिठ्या ढेकूण दिसण्याआधी मुंग्या दिसतात. खोडावरून मुंग्यांची रांग वर चालली असेल तर वर काहीतरी आहे समजा. पाइपने पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला की निम्मं काम होतं. उरलेल्यांवर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. पांढऱ्या माशीलाही हेच. खोडावर भुश्शाची जाळीदार पट्टी दिसली तर साल खाणारी अळी आहे. जाळी ब्रशने काढा, भोक सापडेल, त्यात रॉकेलचा बोळा कोंबून ओल्या मातीने लिंपा. फळांवर तपकिरी खरबरीत ठिपके आले तर पावसाआधी आणि पाऊस ओसरल्यावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा, म्हणजे लिटरला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र केलेलं. धातूचं भांडं नको.

पोपट, खार आणि वटवाघळं पिशव्यांनी बरीच आवरतात. येऊर आणि घोडबंदर रस्त्याच्या जंगलाकडच्या बाजूला माकडांचा प्रश्न वेगळा आहे, ती पिशवीसकट फळ नेतात. तिथे राहणाऱ्यांनी झाड घराच्या खिडकीसमोर, माणसांची ये-जा असते तिथे लावावं आणि फळ थोडं आधीच उतरवावं. त्याहून खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

गच्चीवर लावणाऱ्यांसाठी

दोनशे लिटरचा निळा ड्रम अर्ध्याच्या वर कापून, तळाला अंगठ्याएवढी आठ-दहा भोकं पाडून घ्या. ओल्या मातीसकट तो शंभर किलोच्या वर जातो, म्हणून गच्चीच्या मध्यावर ठेवू नका. तुळईच्या किंवा खांबाच्या रेषेवर, विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल आणि वॉटरप्रूफिंगही वाचेल. माती, शेणखत आणि कोकोपीट सारख्या भागांत. उन्हाळ्यात रोज पाणी लागेल आणि पाणी तोडून ताण द्यायचा नाही, ड्रममधलं झाड त्यात जातं. बहार फक्त छाटणीनेच धरायचा. दोन-तीन वर्षांतून एकदा, पावसाच्या तोंडावर, कडेची चार बोटं माती आणि मुळं पहारीने कापून नवी खतमाती भरा.

उतरवणं

गर्द हिरव्या सालीवर फिकट पोपटी छटा चढली आणि फळाच्या टोकाकडचे उंचवटे भरून गुळगुळीत झाले की फळ तयार. नासपतीसारखं करकरीत खायचं असेल तर याच दिवशी, सकाळी ऊन चढायच्या आत, देठ बोटभर ठेवून सिकेटरने कापा. ओढून तोडलं तर फांदीची साल सुटते आणि पुढची फूट तिथूनच यायची असते. तासभर फ्रीजमध्ये ठेवा, फोडी करा, वर तिखट-मीठ. मऊ आणि सुगंधी हवा असेल तर तेच फळ दोन-तीन दिवस स्वयंपाकघरात टोपलीत राहू द्या, पेरू काढल्यावरही पिकतो. पहिल्या बहाराची फळं शेजाऱ्यांकडे न्याल तेव्हा पिशव्या आणि फोमच्या जाळ्या परत मागून घ्या. धुऊन वाळवल्या की पुढच्या वर्षी त्याच चालतात.